शार्लट लुकसचे लग्न : जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांची पडद्यावरची रूपे आणि वाचकांनी लिहिलेल्या कथा

निळी शाई (धागाकर्ती)

जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवरून झालेल्या चित्रपटांची आणि मालिकांची चर्चा सुरू झाली, की 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा नायक डार्सी याची भूमिका कोणी अधिक चांगली केली या प्रश्नापाशी ती हमखास येऊन थांबते. या धाग्यात मला वेगळी कसोटी मांडायची आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे कोणतेही रूपांतर घ्या, मग ते पडद्यावरचे असो किंवा एखाद्या वाचकाने हौसेने लिहिलेले फॅनफिक्शन असो; ते शार्लट लुकसला कसे वागवते यावरून त्याने मूळ कादंबरी कितपत समजून घेतली आहे ते कळते, असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्यांनी कादंबरी बऱ्याच वर्षांपूर्वी वाचली असेल त्यांच्यासाठी थोडी उजळणी करते. शार्लट ही नायिका एलिझाबेथ बेनेटची जिवलग मैत्रीण. तिचे वय २७ आहे, रूप बेताचे आहे आणि वडिलांकडून तिला मिळण्यासारखे फारसे काही नाही. बेनेट कुटुंबाचा नातलग असलेला धर्मोपदेशक मिस्टर कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो, तिचा नकार ऐकतो आणि तीन दिवसांच्या आत शार्लटला विचारून होकारही मिळवतो. हा होकार शार्लट का देते, हे सांगायला ऑस्टिनला एक परिच्छेद पुरतो. पुरुषांविषयी किंवा संसाराविषयी शार्लटच्या मनात कधीच मोठ्या कल्पना नव्हत्या. पण चांगले शिक्षण झालेल्या आणि गाठीला पैसा नसलेल्या मुलीला मानाने जगायचे असेल, तर लग्नावाचून दुसरी सोय नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे. त्याच प्रकरणात तिच्या घरच्यांचा आनंदही येतो. धाकट्या बहिणींना आता आपल्याला समारंभांत वर्ष-दोन वर्षे आधी मिरवता येईल असे वाटते, भावांची बहीण बिनलग्नाची राहण्याची धास्ती मिटते, आणि तिची आई, एलिझाबेथचे वडील मिस्टर बेनेट आणखी किती वर्षे जगतील याचा अंदाज बांधू लागते, कारण त्यांच्या पश्चात लाँगबोर्नचे घर कॉलिन्सकडे जाणार आहे. इतक्या थोड्या ओळींत एका लग्नाभोवतीचे सगळे व्यवहार उघडे करून दाखवणारी दुसरी लेखिका मला माहीत नाही.

वयाचा हा आकडा ऑस्टिनच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतो. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधली १७ वर्षांची मारियान ठासून सांगते की २७ वर्षांच्या स्त्रीने प्रेमाची आशा धरू नये. 'पर्सुएशन'ची नायिका अ‍ॅन एलियट २७ वर्षांचीच आहे. आणि स्वतः ऑस्टिनने २ डिसेंबर १८०२ रोजी हॅरिस बिग-विदर या सधन तरुणाची मागणी स्वीकारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होकार मागे घेतला, तेव्हा तिला २७ वे वर्ष पुरे व्हायला दोनच आठवडे उरले होते. जे घर नाकारण्याचे धैर्य लेखिकेने स्वतः दाखवले, ते शार्लटला स्वीकारू देताना ती तिला कमी लेखत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एलिझाबेथ मात्र मैत्रिणीला कमी लेखते, आणि हंसफर्डला, म्हणजे कॉलिन्सच्या गावी, जाऊन तिचा संसार पाहिल्यावर तिचे मत थोडे सैलावते.

१९९५ च्या बीबीसीच्या मालिकेत पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांच्या हाताशी सहा भाग होते, त्यामुळे हंसफर्डला पुरेसा वेळ मिळाला. शार्लटने स्वतःसाठी मागच्या बाजूची खोली निवडली आहे, आणि नवऱ्याने बागेत जास्तीत जास्त वेळ घालवावा म्हणून ती त्याला उत्तेजन देते. कादंबरीत या गोष्टी एलिझाबेथच्या निरीक्षणातून कळतात. मालिकेत शार्लट बागकामाचे आणि नवऱ्याच्या फिरण्याचे स्वतः शांतपणे सांगते आणि एकटेपणा आपल्याला चांगला मानवतो असे सुचवते. तो छोटासा प्रसंग मला याच मालिकेतल्या तळ्याच्या प्रसिद्ध प्रसंगाहून कितीतरी श्रेष्ठ वाटतो. डार्सीची तळ्यातली ती उडी कादंबरीत कुठेही नाही, तरी जगभर लक्षात राहिली ती तीच.

आपण पाहिलेल्या आणि वाचलेल्या रूपांतरांत शार्लटचे काय झाले, ते कृपया सविस्तर लिहावे.

वाटसरू

धाग्याचा विषय आवडला. कसोटी मला मान्य आहे, परंतु ती लावताना २००५ च्या जो राइट यांच्या चित्रपटाला त्याचे श्रेय मिळायला हवे. दोन तासांच्या चित्रपटाला सहा भागांच्या मालिकेची सवड नसते, म्हणून तिथे एक वेगळा मार्ग काढलेला आहे. एलिझाबेथ झोपाळ्यावर असताना शार्लट येऊन बातमी सांगते, आणि मैत्रिणीच्या चेहऱ्यावरचा तिरस्कार पाहून ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलते : वय वाढले आहे, जवळ पैसा नाही, आईवडिलांवर आपला भार आहे आणि आपल्याला भीती वाटते. कादंबरीतली शार्लट भीती कबूल करत नाही. आपण भावनांच्या आहारी जाणाऱ्यांपैकी नाही, आपल्याला फक्त सुखाचे घर हवे आहे, इतकेच ती म्हणते. त्यामुळे चित्रपटाने ती बदलली हे खरे आहे. पण आजच्या प्रेक्षकाला त्या काळचा धाक एका मिनिटात समजावून सांगायचा असेल, तर तो कोणाच्या तरी तोंडून यावाच लागतो. निवेदिकेचा आवाज कॅमेऱ्याला देता येत नाही. चित्रपट पाहताना माझ्या शेजारी बसलेल्या, कादंबरी न वाचलेल्या माणसाला एलिझाबेथने कॉलिन्सला नकार देऊन किती मोठा धोका पत्करला होता ते त्याच क्षणी उमगले.

निवेदिकेच्या आवाजाचाच प्रश्न 'पर्सुएशन'च्या रूपांतरांत अधिक तीव्र होतो. रॉजर मिशेल यांच्या १९९५ च्या चित्रपटात अमँडा रूटची अ‍ॅन पहिला बराच वेळ जवळजवळ गप्प आहे, खोलीतले कोणी तिचे ऐकत नाही, आणि तिची ती उपेक्षा आपण तिच्या डोळ्यांतून पाहतो. २०२२ च्या चित्रपटात अ‍ॅन थेट कॅमेऱ्याकडे पाहून प्रेक्षकांशी चुरचुरीत बोलते. जिला बोलायला जगात कोणीच नाही, तिला लाखो मैत्रिणी मिळवून दिल्यावर दुरावलेल्या प्रियकरासाठी तिने आठ वर्षे वाट पाहण्याला काय अर्थ उरतो, हे मला समजलेले नाही.

जुनी पेटी

फॅनफिक्शनच्या बाजूने मला बोलायचे आहे, कारण गेली बरीच वर्षे मी ते नियमितपणे आणि मनापासून वाचत आलो आहे.

या लेखनाला उपरे समजण्याचे कारण नाही, कारण त्याची सुरुवात ऑस्टिनच्या घरातच झाली. तिचा भाचा जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली याने लिहिलेल्या आठवणींत नोंद आहे की घरातली मुले विचारत तेव्हा ती आपल्या पात्रांचे पुढे काय झाले ते सांगत असे. एलिझाबेथची बहीण किटी हिचे लग्न डार्सीच्या पेम्बर्ली या इस्टेटीजवळच्या एका धर्मोपदेशकाशी झाले; दुसरी बहीण मेरी हिला मात्र मावशीचे यजमान मिस्टर फिलिप्स यांच्या कचेरीतल्या एका कारकुनावर समाधान मानावे लागले. 'एमा'मधले मिस्टर वुडहाउस मुलीच्या लग्नानंतर सुमारे दोन वर्षे जगले. 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये मिसेस नॉरिस आपला भाचा विल्यम याला निरोपाच्या वेळी मोठी रक्कम दिल्याचे मिरवते, ती रक्कम होती एक पौंड. मे १८१३ मध्ये लंडनला चित्रांच्या प्रदर्शनात गेली असताना ऑस्टिनने गर्दीतून मिसेस बिंग्लीसारखे, म्हणजे एलिझाबेथची थोरली बहीण जेन हिच्यासारखे, दिसणारे एक चित्र शोधून काढले, आणि मिसेस डार्सीचे, म्हणजे एलिझाबेथचे, चित्र सापडले नाही तेव्हा डार्सी ते लोकांसमोर मांडू देणार नाही, असे बहिणीला पत्रात कळवले. पात्रे पुस्तकाबाहेर जगत राहतात हा विश्वास वाचकांच्याही आधी लेखिकेचा होता.

घरातल्या पुढच्या पिढीने हे काम हाती घेतले. 'सँडिटन' ही १८१७ मध्ये अपुरी राहिलेली कादंबरी पुढे नेण्याचा प्रयत्न भाची अ‍ॅना लेफ्रॉय हिने केला, आणि दुसरी भाची कॅथरीन हबॅक हिने 'द वॉटसन्स' या अपुऱ्या कथेवरून १८५० मध्ये स्वतःची कादंबरी प्रसिद्ध केली. त्यानंतर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिबिल ब्रिंटनने सहाही कादंबऱ्यांतली पात्रे एकत्र आणून डार्सीचा मामेभाऊ कर्नल फिट्झविल्यम याची गाठ 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या मेरी क्रॉफर्डशी घातली. आज ज्याला आपण क्रॉसओव्हर म्हणतो, ते संगणक जन्माला येण्यापूर्वी एक स्त्री कागदावर लिहून मोकळी झाली होती.

१९९५ च्या मालिकेनंतर लगोलग 'रिपब्लिक ऑफ पेम्बर्ली' आणि 'डर्बीशायर रायटर्स गिल्ड' ही संकेतस्थळे उभी राहिली, आणि तिथे 'असे झाले असते तर' या धर्तीच्या कथांचा पूर आला. हंसफर्डला डार्सीने मागणी घालण्याआधीच पत्र लिहिले असते तर, मिस्टर बेनेट लवकर वारले असते तर, एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया पळून गेलीच नसती तर, अशा प्रत्येक फाट्यावरून नव्या वाटा निघतात. या कथांत शार्लटला फार प्रेमाने वागवले जाते. कित्येक कथांत कॉलिन्स आजारपणात किंवा अपघातात मरतो आणि शार्लटला कर्नल फिट्झविल्यमसारखा समंजस जोडीदार मिळतो. धागाकर्तीला कदाचित हे पटणार नाही. मला मात्र वाटते की जिला लेखिकेने प्रेमाविना ठेवले तिच्यासाठी वाचकांनी दोनशे वर्षांनी न्याय मागावा, यापेक्षा पात्राचा मोठा सन्मान नाही.

एका गोष्टीचे दुःख आहे. ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवर आता कोणाचाही स्वामित्वहक्क नसल्यामुळे त्यांवरचे फॅनफिक्शन कोणालाही विकता येते, आणि ई-पुस्तकांच्या सोयीमुळे ते मोठ्या प्रमाणावर विकले जाते. विक्रीच्या अटींमुळे अनेकदा तीच कथा संकेतस्थळावर फुकट ठेवता येत नाही. प्रकरणागणिक वाचकांशी चर्चा करत घडलेली कथा एके दिवशी नाहीशी होते, तिच्याखालचे सगळे प्रतिसादही तिच्याबरोबर जातात, आणि पहिल्या प्रकरणाची चार पाने तेवढी नमुन्यादाखल उरतात. लेखिकांनी पैसे मिळवू नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्यांचे कष्ट मी पाहिले आहेत. पण सामूहिक लेखनाचा तो दस्तऐवज जपला जायला हवा होता.

निळी शाई

जुनी पेटी, आपला प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. प्रदर्शनाचे ते पत्र माझेही अत्यंत आवडते आहे.

कॉलिन्सला मारून टाकण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. तो मेला की शार्लटचा निर्णय एका रात्रीत योगायोगाचा भाग होऊन जातो. तिने डोळसपणे केलेल्या निवडीचे फळ तिला रोज, प्रत्येक जेवणाच्या वेळी, भोगावे लागते, आणि ते भोगतानाही ती आपले घर, कोंबड्या आणि दुपारचा एकांत यांत समाधान शोधते. तिची खरी थोरवी तिथे आहे. तिला दुसरा नवरा मिळवून देणारी कथा नकळत एलिझाबेथचेच मत उचलून धरते, म्हणजे प्रेमाविना केलेले लग्न ही चूकच होती आणि ती कोणीतरी दुरुस्त करायला हवी. कादंबरी असे म्हणत नाही. कॉलिन्स जिवंत ठेवून शार्लटच्या आयुष्यात शिरणाऱ्या कथा आपल्या पाहण्यात असतील, तर त्यांच्याविषयी वाचायला मला फार आवडेल.

दक्षिणायन

भारतीय रूपांतरांचा उल्लेख अजून झालेला नाही, म्हणून लिहितो आहे. गुरिंदर चढ्ढा यांच्या २००४ च्या 'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये बेनेट कुटुंब अमृतसरचे बक्षी कुटुंब होते, कथा काही काळ गोव्यालाही जाते, आणि शार्लटची जागा घेणारी चंद्रा लांबा ही भूमिका आपल्या सोनाली कुलकर्णी यांनी केली आहे. मराठी प्रेक्षक म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष उत्सुकता होती. त्यांनी चंद्राला समंजसपणा दिला, हसरेपणा दिला. पटकथेने मात्र तिच्यापुढचा पेच काढून घेतला. कॉलिन्सच्या जागी आलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला कोहली हास्यास्पद असला तरी प्रेमळ आहे आणि चंद्रा त्याच्याबरोबर सुखी आहे. घर जाण्याची टांगती तलवार या चित्रपटात कोणाच्याच डोक्यावर नाही, त्यामुळे कोहलीला नकार देण्यात जोखीम नाही आणि होकार देण्यात त्याग नाही.

याउलट राजीव मेनन यांचा २००० चा तमिळ चित्रपट 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' पाहावा. तो 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वर आधारलेला असल्याने त्यात शार्लट नाही, पण धागाकर्तीची कसोटी व्यापक अर्थाने लावली तर तो पूर्ण उतरतो. आजोबांच्या मृत्युपत्रामुळे वाडा दुसऱ्या वारसाकडे जातो, ज्या मुलीने त्यांची शुश्रूषा केली ती आपल्या लेकींसह बाहेर पडते, आणि चेन्नईत त्यांना नोकरी शोधत फिरावे लागते. तब्बूने साकारलेली थोरली बहीण टेलिफोनच्या कामापासून सुरुवात करून सॉफ्टवेअर कंपनीत प्रगती करते. ऑस्टिनच्या एलिनोरला जे कधीच शक्य नव्हते, ते तिच्या तमिळ बहिणीला शक्य झाले आहे आणि तरीही तिचे दुःख पातळ झालेले नाही. ईस्ट इंडीजमध्ये सैन्यात राहून आलेला कर्नल ब्रँडन इथे श्रीलंकेतल्या शांतिसेनेत पाय गमावलेला मेजर झाला आहे. मामुट्टींनी ती कडवट, हळवी भूमिका केली आहे. मूळ कादंबरीतल्या ब्रँडनला इतकी खोली आहे का, याची मला शंका वाटते.

इंग्रजीतल्या 'द लिझी बेनेट डायरीज' या २०१२ च्या वेबमालिकेचेही नाव घ्यायला हवे. शंभर छोट्या भागांच्या या मालिकेत मागणी लग्नाची येत नाही, नोकरीची येते. शिक्षणाच्या कर्जात बुडालेली शार्लट आपले पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडून कॉलिन्सच्या कंपनीत रुजू होते, आणि लिझीला तो आदर्शांचा विश्वासघात वाटतो. मी पाहिलेल्या आधुनिक रूपांतरांत मला हे सर्वांत अचूक वाटते. धागाकर्तीला हवा असलेला जिवंत कॉलिन्स इथे आहे.

उंबरठा

मी व्यवसायाने वकील आहे, त्यामुळे या कादंबरीकडे माझे लक्ष नेहमी मिळकतीच्या बाजूने जाते. लाँगबोर्नचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड आहे, पण मिळकत पुरुष वारसालाच जाईल अशी बांधून ठेवलेली आहे. मिस्टर बेनेटना मुलगा झाला असता, तर तो सज्ञान झाल्यावर बापलेकांनी मिळून ते बंधन मोडले असते. मुलगा होईलच या भरवशावर त्यांनी काटकसर केली नाही. एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात येणार १,००० पौंड. चार टक्क्यांनी त्याचे वर्षाला ४० पौंड होतात, आणि ते मागणी घालतानाच कॉलिन्स तिला ऐकवतो. दुसरीकडे डार्सीचे उत्पन्न १०,००० पौंड आहे. हे आकडे गाळले की कादंबरीचा कणा जातो.

भारतीय रूपांतरकारांना हे बंधन आणण्यासाठी मृत्युपत्राचा आधार घ्यावा लागतो, असे दक्षिणायन यांच्या प्रतिसादावरून दिसते. महाराष्ट्रात मात्र त्याची गरज नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार केले नव्हते. महाराष्ट्राने तो हक्क १९९४ मध्ये दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी जिचे लग्न झाले तिला त्यातून वगळले. देशभरासाठीचा बदल २००५ मध्ये आला. याचा अर्थ असा, की १९९४ च्या त्या उन्हाळ्यात पाच मुली असलेल्या एखाद्या घरात लग्नाच्या तारखेवर मुलीचा हिस्सा ठरत होता. आईला लग्नाची घाई झाली असती, आणि वाड्यावर डोळा असलेल्या चुलत भावालाही तितकीच घाई झाली असती. ऑस्टिनच्या कथेला इतकी चपखल भूमी क्वचित मिळेल. कोणी लिहिणार असेल, तर कायद्याच्या बाजूने लागेल ती मदत मी आनंदाने करेन.

अबोली

वाचनमात्र राहणार होते, पण वयाच्या आकड्यावरून एक गोष्ट आठवली. 'ब्रिजर्टन' मालिकेच्या २०२२ मधल्या दुसऱ्या पर्वात मुंबईहून लंडनला आलेली केट शर्मा २६ वर्षांची आहे, आपले लग्नाचे वय उलटले असे मानते, आणि धाकट्या एडविनाचे लग्न लावून परत जायचे ठरवते. एडविनाला मराठी येते असे तिथे कौतुकाने सांगितले जाते, ते ऐकून मला खूप बरे वाटले होते. ही मालिका ऑस्टिनवर आधारलेली नाही, पण उमरावाशी लग्न झाले तरच आजोळचे पैसे मिळतील ही अट त्या पर्वाच्या मुळाशी आहे. मात्र ही कथा १८१४ मधली आहे, आणि पुढच्या चारच वर्षांत पेशवाई संपली. त्या मुंबईची, त्या घराची, वडिलांच्या कारकुनीची एखादी तरी ठसठशीत आठवण या बहिणींच्या बोलण्यात यायला हवी होती.

निळी शाई

उंबरठा, २२ जून १९९४ ची ही तारीख माझ्या मनातून आता जाणार नाही. त्या घरातली शार्लट कोण असेल याचा विचार मी सकाळपासून करते आहे. ती अर्थातच पाच बहिणींपैकी नसेल. शेजारच्या घरातली, शिक्षिकेच्या हंगामी नोकरीवर असलेली, दोन भावांच्या पाठची अशी ती मला दिसते. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, हे तिला कायदा येण्याआधीपासून माहीत असेल.

उंबरठा

आपली शार्लट पटली. तिच्यासाठी कादंबरीतली एक नोंद देतो, जी पडद्यावर मला ठळकपणे कधीच दिसलेली नाही. शेवटाकडे कॉलिन्स आपल्या पत्रात शार्लट गरोदर असल्याचे सुचवतो, आणि डार्सीची मावशी आणि कॉलिन्सची आश्रयदाती लेडी कॅथरीन हिचा संताप निवळेपर्यंत शार्लट नवऱ्याला घेऊन माहेरी येऊन राहते. एलिझाबेथ आणि डार्सीचे लग्न ठरल्याचा तिला मनापासून आनंद झालेला असतो. तिला मुलगा झाला, तर बापामागून लाँगबोर्नचा वारस तो. म्हणजे ज्या घराच्या हिशेबात सगळ्यांनी तिला धरले, तिथे ती मालकीण म्हणून जाईल खरी; पण कागदावर ते घर आधी नवऱ्याचे असेल आणि मग मुलाचे. तिच्या नावावर ते कधीच होणार नाही. 'असे झाले असते तर' लिहिणाऱ्यांनी कॉलिन्सऐवजी मिस्टर बेनेटना मारून पाहावे, आणि मिसेस बेनेट व बिनलग्नाच्या मुली सामान बांधत असताना शार्लटला लाँगबोर्नच्या दारातून आत येऊ द्यावे. त्या दिवशी ती त्यांना राहा म्हणेल की नाही, हे लिहायला मोठी ताकद लागेल.